घटस्फोटानंतर सामायिक कर्ज कोणी फेडायचे? गोव्यातील पती-पत्नींसाठी मार्गदर्शन

घटस्फोटाचा निकाल लागला की कर्जाचाही निकाल लागला, असे समजणारी माणसे मी कर्जविभागाच्या टेबलामागे बसून पुष्कळ पाहिली. त्यांतली एक बाई साखळीकडची होती. तिने प्लास्टिकच्या फाइलमधून निकालपत्राची प्रमाणित प्रत काढली. ‘गृहकर्जाचे उर्वरित हप्ते प्रतिवादी भरेल’ या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढलेली होती. ती प्रत माझ्यापुढे सरकवून तिने विचारले, की मग थकबाकीची नोटीस मला कशी आली? मी कर्जकरार काढला. शेवटच्या पानावर नवऱ्याच्या सहीच्या खाली तिची सही होती, आणि त्या सहीखाली बारीक अक्षरांत छापलेला शब्द होता ‘सह-कर्जदार’. ‘म्हाका कोणें सांगलेंच ना,’ एवढेच ती म्हणाली.

तिला कोणी सांगितले नव्हते ते असे, की घटस्फोटातील कर्जाबाबत दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे दोन वेगळ्या कागदांवर असतात. बँक कोणाकडून पैसे वसूल करू शकते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कर्जकरारात असते. पती-पत्नींनी आपापसांत ते ओझे कसे वाटून घ्यायचे, हा दुसरा. त्याचे उत्तर विवाहाचा करार, गोव्याचा कौटुंबिक कायदा आणि न्यायालयाचा निकाल यांतून मिळते. बँक घटस्फोटाच्या खटल्यात पक्षकार नसते, त्यामुळे त्या निकालाने तिचा कर्जकरार बदलत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार, अनेकांनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर घेणेकरी त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून संपूर्ण पूर्तता मागू शकतो. ज्याने आपल्या वाट्याहून जास्त भरले त्याने ते दुसऱ्याकडून मागून घ्यावे, असेही तेच कलम सांगते. मात्र ते मागणे त्या दोघांचे आपसातले, बँकेचा त्याच्याशी संबंध नाही.

या मार्गदर्शनातील सर्व पायऱ्या हे दोन प्रश्न वेगळे ठेवूनच आखलेल्या आहेत.

आपला विवाह कोणत्या पद्धतीत मोडतो ते आधी पाहा

सावंतवाडी-कुडाळकडचे नातेवाईक अशा प्रसंगी हमखास सल्ला देतात, की नवऱ्याचे कर्ज नवऱ्याचे आणि बायकोचे बायकोचे, त्यात एवढा विचार कसला करायचा. महाराष्ट्रात हा सल्ला बऱ्याच अंशी चालून जाईल, कारण तेथे विवाहामुळे मिळकत आपोआप सामायिक होत नाही. गोव्यात मात्र १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू आहे, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने तो चालू ठेवला. विवाहापूर्वी पती-पत्नींनी वेगळा करार केला नसेल, तर या कायद्याप्रमाणे ‘कम्युनियन ऑफ ॲसेट्स’, म्हणजे सर्व मालमत्तेचे सामायिकत्व, आपोआप लागू होते. लग्नाआधीची आणि नंतरची, कमावलेली आणि वारसाने आलेली मिळकत काही अपवाद वगळता एका गाठोड्यात जाते आणि त्या गाठोड्यात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद यात नाही, आणि घटस्फोटही येथे ३ नोव्हेंबर १९१० च्या कायद्याने होतो, हिंदू विवाह कायद्याने नाही.

म्हणून पहिले काम असे, की विवाहनोंदणी झाली त्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयातून विवाहाच्या दाखल्याची प्रत काढावी आणि सह्या करण्यापूर्वी दोघांनी विवाहपूर्व करार केला होता का याची खात्री करून घ्यावी. असा करार असेल तर मिळकत पूर्णपणे विभक्त असू शकते, किंवा फक्त लग्नानंतर कमावलेलीच सामायिक असू शकते, आणि मग पुढचा हिशेबच बदलतो. लग्न झाल्यावर ही पद्धत बदलता येत नाही. त्यामुळे ‘आम्ही नंतर आपसात लिहून घेतले होते’ अशा साध्या कागदावर विसंबू नये. जोडप्यातील एक गोव्याचा आणि एक सिंधुदुर्गाचा किंवा बेळगावचा असेल, किंवा लग्नाची नोंदणी गोव्याबाहेर झाली असेल, तर हा मुद्दा वकिलासमोर पहिल्याच भेटीत ठेवावा. खटल्याच्या तिसऱ्या तारखेला तो निघाला तर तोवर केलेले काम पुन्हा करावे लागते.

सामायिक गाठोड्यातून काय वगळले जाते तेही ठाऊक असावे. देणगी देणाऱ्याने किंवा मृत्युपत्र करणाऱ्याने ‘ही मिळकत जोडीदाराशी सामायिक होऊ नये’ अशी अट घातली असेल तर ती मिळकत वगळली जाते. वैयक्तिक वापराचे कपडे, आणि लग्नापूर्वी वराने वधूला दिलेले दागिने, यांनाही कायदा वेगळे ठेवतो. लग्नात इतरांकडून आलेल्या सोन्याबद्दल मात्र घराघरांत वाद होतात, म्हणून पावत्या आणि लग्नातले फोटो सांभाळून ठेवावेत. मिळकत गोव्याबाहेर असली तरी ती यादीत लिहावी. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाच्या राज्याबाहेरील मिळकतीच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी स्पष्ट केले आहे. तो खटला वारशाचा होता, पण पुण्याचा फ्लॅट यादीबाहेर ठेवू पाहणाऱ्याला तो दाखवावा.

कर्जांची यादी, आणि प्रत्येक सहीखालचा शब्द

यादी आठवणीवरून करू नये. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो आधी मागवावा. आपल्या नावावर चालू असलेले प्रत्येक बँक-कर्ज, क्रेडिट कार्ड, आणि आपण जामीन राहिलेले कर्ज त्यात दिसते, आणि पुष्कळांना आपण कोणाला जामीन आहोत याचा शोध तेथेच लागतो. गावातल्या सहकारी पतसंस्थेचे, सोनाराकडचे किंवा भावाकडून घेतलेले हात-उसने त्यात दिसेलच असे नाही. त्यासाठी पासबुके, पावत्या आणि मोबाइलवरचे जुने संदेश चाळावे लागतात.

यादी झाली की प्रत्येक कर्जाच्या मंजुरीपत्राची आणि कराराची प्रत बँकेकडून लेखी मागावी आणि आपली सही कोणत्या नात्याने आहे ते पाहावे. गोव्यात ही पायरी विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे स्थावर मिळकत विकायची किंवा गहाण ठेवायची तर पती-पत्नी दोघांची संमती लागते आणि म्हणून बँक दोघांच्या सह्या जवळजवळ नेहमीच घेते. या सहीचा अर्थ मात्र तीन प्रकारचा असू शकतो.

‘सह-कर्जदार’ म्हणून सही असेल तर संपूर्ण कर्जाची वैयक्तिक जबाबदारी आपल्यावर आहे, पैसे कोणाच्या खात्यात गेले याला बँकेच्या दृष्टीने महत्त्व नाही. ‘जामीनदार’ म्हणून सही असेल तर, करारात काही वेगळे नसल्यास, करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मात्र आपण पैसे भरले तर कर्जदाराकडून ते वसूल करण्याचा आणि बँकेकडचे तारण स्वतःकडे घेण्याचा हक्क जामीनदाराला मिळतो. आणि केवळ गहाणखताला संमती देणारा जोडीदार म्हणून सही असेल, तर ती गहाण मिळकत वसुलीसाठी जाऊ शकते, पण त्यापलीकडे आपल्या पगाराला किंवा दुसऱ्या ठेवींना बँकेने त्या सहीच्या जोरावर हात लावता कामा नये. बँकेचा कर्मचारी काउंटरवर ‘बाई, तुमची सही आहे ना, मग झाले’ असे म्हणाला तर त्याला शांतपणे तो शब्द दाखवायला सांगावे. मी स्वतः त्या बाजूला बसून असे बोललेलो आहे, आणि दोनदा चुकलेलो आहे.

चेकबाबतही असेच आहे. संयुक्त खात्यावरचा चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खालचा फौजदारी दावा ज्याने चेकवर सही केली त्याच्यावरच चालतो, नुसता सहखातेदार असलेल्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे.

कोणते कर्ज दोघांचे, कोणते एकाचे

आता दुसरा प्रश्न. सामायिकत्वाच्या पद्धतीत मिळकतीबरोबर देणीही सामायिक होतात, परंतु सरसकट नाही. दोघांनी मिळून घेतलेले कर्ज दोघांचे. एकट्याने घेतलेले पण संसाराच्या फायद्यासाठी वापरलेले कर्जही सामायिक मिळकतीवर येते: मुलांची फी, आजारपण, घराचे छप्पर, कुटुंबाची गाडी. लग्नाआधीचे कर्ज सामान्यतः ज्याचे त्यानेच फेडायचे असते. ते दोघांच्या उपयोगाला आले असेल तर गोष्ट वेगळी. आणि लग्नानंतर जोडीदाराच्या संमतीविना घेतलेले, घराच्या उपयोगाला न आलेले कर्ज ज्याने घेतले त्याच्या स्वतःच्या मिळकतीवर आणि ती अपुरी पडल्यास सामायिक मिळकतीतील त्याच्या अर्ध्या वाट्यावर पडते.

या साऱ्याचा अर्थ असा, की वाद शेवटी ‘पैसे गेले कुठे’ या एका प्रश्नावर येऊन थांबतो. म्हणून प्रत्येक कर्जापुढे रक्कम ज्या दिवशी खात्यात आली त्या दिवसापासूनच्या दोन-तीन महिन्यांच्या खातेउताऱ्याची प्रत लावावी. पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज आले आणि आठवड्याभरात त्यातले चार लाख महाविद्यालयाच्या नावे गेले, हे उताऱ्यावर दिसले की साक्षीदारांची गरज फारशी उरत नाही. ते ऑनलाइन रमीच्या ॲपकडे गेलेले दिसले, तरीही तसेच.

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. जोडपे काल्पनिक आहे, आकडे नेहमी पाहायला मिळतात तसेच आहेत. म्हापशाचा फ्लॅट, आजची किंमत ६२ लाख, गृहकर्ज शिल्लक २४ लाख, दोघे सह-कर्जदार. गाडीची किंमत ४ लाख, तिचे कर्ज ३ लाख, पतीच्या नावावर. पत्नीने मुलीच्या प्रवेशासाठी आपले दागिने ठेवून घेतलेले सोनेतारण कर्ज २ लाख. हे दागिने लग्नाआधी वराने दिलेले, म्हणून वाटणीत येत नाहीत. पतीने मित्राच्या धंद्यासाठी पत्नीला न सांगता घेतलेले वैयक्तिक कर्ज ३ लाख.

सामायिक मिळकत ६२ आणि ४ मिळून ६६ लाख. सामायिक देणी २४, ३ आणि २ मिळून २९ लाख. दागिने पत्नीचे असले तरी त्यांवर काढलेले पैसे मुलीसाठी गेले, म्हणून ते कर्ज दोघांचे. शिल्लक ३७ लाख, प्रत्येकी साडेअठरा. मित्रासाठी काढलेले ३ लाख पतीने आपल्या साडेअठरांतून भरायचे. समजा फ्लॅट गृहकर्जासह पत्नीने घेतला आणि सोनेतारणही तिनेच फेडायचे ठरले, तर तिच्याकडे ६२ उणे २६, म्हणजे ३६ लाख येतात. पतीकडे गाडी कर्जासह, म्हणजे १ लाख. तेव्हा पत्नीने पतीला साडेसतरा लाख द्यायचे. वाटणी समान करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या या रकमेला गोव्याच्या कोर्टांत ओवेल्टी म्हणतात.

कागदावर हे चोख दिसते. पण पत्नीला आता जुने २४ लाख आणि ओवेल्टीचे साडेसतरा लाख मिळून साडेएकेचाळीस लाखांचे कर्ज एकटीच्या नावावर हवे. साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी त्याचा हप्ता ४१ हजारांच्या आसपास जातो. तिचा हाती येणारा पगार ५५ हजार असेल तर कोणतीही शहाणी बँक हे कर्ज देणार नाही. म्हणून घर ठेवण्याचा हट्ट धरण्यापूर्वी, वाटाघाटीला बसण्याच्याही आधी, बँकेत जाऊन आपल्या एकट्याच्या पगारावर किती कर्ज मिळेल ते लेखी विचारून घ्यावे. पुष्कळ तडजोडी याच एका आकड्यावाचून केल्या जातात आणि वर्षभरात मोडतात. माझे मत विचाराल तर मुलांची शाळा जवळ आहे एवढ्यासाठी न पेलणारे घर ठेवण्यापेक्षा ते विकून कर्ज फेडणे आणि उरलेले वाटून घेणे बरे.

इन्व्हेंटरी

घटस्फोटाने विवाह संपतो, पण मिळकत आणि देणी वाटली जाईपर्यंत एकत्रच राहतात. वाटणीसाठी दोन मार्ग आहेत: दोघांचे एकमत असेल तर नोंदणीकृत दस्त, आणि नसेल तर न्यायालयातील इन्व्हेंटरी. इन्व्हेंटरी म्हणजे फक्त मृत्यूनंतरची वाटणी, असा आपल्याकडे समज आहे. पण घटस्फोटानंतरही ती करता येते. डिसेंबर २०१६ पासून ती गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ प्रमाणे चालते. जुनी माणसे ज्याला ‘काबेस द कझाल’ म्हणत तो प्रशासक शपथेवर मिळकतीची आणि देण्यांची यादी देतो, दुसरा पक्ष तिच्यावर हरकती घेतो, मूल्यांकन होते, आणि एकाच वस्तूवर दोघांचा डोळा असेल तर त्यांच्यातच बोली लागते.

देण्यांची यादी देताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. आपण लग्न टिकून असताना फेडलेले आणि वेगळे राहू लागल्यावर एकट्याने भरलेले हप्ते वेगवेगळे दाखवावेत, कारण दुसऱ्या प्रकारच्या हप्त्यांचा निम्मा भाग मागण्याचा मुद्दा तेथेच उभा करायचा असतो. आणि दुसऱ्या पक्षाने अचानक पुढे आणलेली ‘काकाकडून घेतलेले आठ लाख’ अशी देणी निमूटपणे मान्य करू नयेत. सर्वांनी मान्य केलेले देणे वाटणीत धरले जाते. अमान्य केलेले ज्याने सांगितले त्याने कागदांनिशी सिद्ध करावे लागते. काकांनी बँकेतून पैसे पाठवले नसतील आणि आयकर विवरणातही त्याचा मागमूस नसेल, तर तशी हरकत लेखी नोंदवावी.

ज्याला वकील परवडत नाही त्याने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

तडजोडीच्या कागदात काय लिहून घ्यावे

‘सर्व कर्जे पती फेडेल’ हे वाक्य मी इतक्या निकालपत्रांत वाचले आहे, की ते कुठल्यातरी एका जुन्या नमुन्यातून उतरत आले असावे असे वाटते. ते निरुपयोगी नाही, पण अपुरे आहे. त्याऐवजी प्रत्येक कर्जाचा खातेक्रमांक, ठरलेल्या तारखेची शिल्लक, ते कोणी फेडायचे, आणि कोणत्या तारखेपर्यंत दुसऱ्याचे नाव बँकेकडून कमी करून घ्यायचे हे लिहावे. त्याखाली असे कलम हवे, की बँकेने दुसऱ्याकडून काही रक्कम वसूल केली तर जबाबदार व्यक्तीने ती तीस दिवसांत ठरलेल्या व्याजासह परत करावी, आणि लागोपाठ दोन हप्ते थकले तर फ्लॅट विकण्यास त्या व्यक्तीची संमती आजच दिलेली आहे असे समजावे. असे कलम न्यायालयाच्या हुकुमात आले की नवा दावा लावावा न लागता हुकुमाची अंमलबजावणी मागता येते, आणि पैशाच्या हुकुमासाठी ती मुदत बारा वर्षांची असते.

पोटगीत कर्ज मिसळू नये. ‘हप्ता मी भरतो, म्हणून पोटगी कमी’ असा सौदा करायचाच असेल तर दोन्ही आकडे वेगळे लिहावेत, नाहीतर हप्ता थांबला की पोटगी किती उरली यावर पुन्हा भांडण सुरू होते.

बँकेकडून नाव कमी करून घेणे

बँक कोणत्याही कर्जदाराला केवळ अर्जावर सोडत नाही, कारण दोन पगारांच्या भरवशावर दिलेले कर्ज तिने एका पगारावर का आणून ठेवावे? तिने नाव कमी करायचे तर जुन्या कराराच्या जागी नवा करार, म्हणजे करार अधिनियमाच्या कलम ६२ खालचा बदल, तिच्या संमतीने व्हावा लागतो. त्यासाठी राहणाऱ्या कर्जदाराच्या उत्पन्नाची कागदपत्रे, वाटणीचा नोंदणीकृत दस्त किंवा इन्व्हेंटरीचा अंतिम हुकूम, आणि जाणाऱ्याचे पत्र घेऊन अर्ज करावा. बँकेने नकार दिला तर दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर कर्ज हलवावे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा आकार लावता येत नाही, त्यामुळे हा मार्ग वाटतो तितका महाग नसतो. दोन्ही जमले नाही तर विक्री.

बँकेने तोंडी ‘झाले तुमचे काम’ म्हटले तरी थांबू नये. मुक्ततेचे पत्र लेखी घ्यावे, आणि दोन महिन्यांनी पतअहवालात ते खाते आपल्या नावावरून गेले की नाही ते पाहावे. नोंद चुकीची राहिली तर पतमाहिती कंपनीकडे तक्रार करावी. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेनेच उत्तर दिले नाही तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; माहितीसाठी १४४४८.

नवे कर्ज वाढू नये म्हणून

हे काम निकालाची वाट न पाहता, वेगळे राहू लागल्याच्या आठवड्यातच करावे. आपल्या क्रेडिट कार्डावर जोडीदाराला दिलेले जोडकार्ड बंद करावे, कारण त्यावरचा खर्च मुख्य कार्डधारकाच्या माथी येतो. ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे संयुक्त खाते ‘दोघांच्या सहीने’ असे करून घ्यावे. जोडीदाराच्या दुकानाच्या ओव्हरड्राफ्टला किंवा कॅश क्रेडिटला आपण चालू जामीन असू, तर करार अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे पुढील व्यवहारांपुरता तो जामीन नोटीस देऊन मागे घेता येतो; आजवर उचललेल्या रकमेची जबाबदारी मात्र राहते. म्हणून नोटीस शाखेत देऊन त्या दिवशीच्या शिल्लक रकमेसह पोच घ्यावी. मराठीत लिहिलेली नोटीसही चालते, पण आपली पोच आपल्याकडे हवी.

राहण्याचा पत्ता बदलला की तो बँकेला कळवणे अनेकजण विसरतात. माझ्या माहितीतल्या एका प्रकरणात नोटीस जुन्या फ्लॅटवर जात राहिली, तेथे राहणाऱ्या माजी नवऱ्याने ती उघडलीही नाही, आणि बायकोला फ्लॅटच्या दारावर ताब्याचा कागद चिकटल्याचे शेजारणीने फोन करून सांगितले.

दुसऱ्याने हप्ते भरणे थांबवले तर

नव्वद दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ (कोर्टात न जाता तारणातून वसुली करू देणारा कायदा) याखाली बँक ६० दिवसांची मागणी-नोटीस देते. तिच्यावर लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेने त्याला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. मग ताबा. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत ४५ दिवसांची आहे.

या सगळ्याच्या आधीच, पहिला हप्ता चुकल्याचा संदेश आल्या आल्या, शक्य असेल तर तो हप्ता स्वतः भरावा. हे ऐकायला अन्यायाचे वाटते, आणि ते तसे आहेही. पण एका थकलेल्या हप्त्याने खराब झालेली पत दोघांच्याही अहवालावर दिसते. तो हप्ता आपल्या स्वतंत्र खात्यातून भरावा, रोखीने कधीच नाही, आणि त्याच दिवशी माजी जोडीदाराला तारीख, रक्कम आणि हुकुमातील कलम लिहून नोंदणीकृत डाकेने कळवावे. अशी तीन-चार पत्रे जोडून अंमलबजावणीचा अर्ज केला तर न्यायालयासमोर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही, कागदच बोलतात.

लोकअदालतीत बँक कमी रकमेत मिटवायला तयार होते. ते घ्यावे की नाही हे परिस्थितीवर आहे, पण अशा खात्यापुढे पतअहवालात ‘बंद’ न लिहिता ‘तडजोडीने मिटवले’ असे लिहिले जाते आणि पुढच्या गृहकर्जाच्या वेळी त्याची आठवण करून दिली जाते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. पंचायतीची घरपट्टी, वीजबिल आणि सोसायटीची वर्गणी यांची थकबाकी वाटणीच्या तारखेला शून्य करून घ्यावी. आयकर कायद्याप्रमाणे गोव्यातील पती-पत्नींचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न निम्मे-निम्मे दाखवले जाते. विवाह संपल्याचे सनदी लेखापालाला कळवावे, नाहीतर तो गेल्या वर्षीचेच रकाने पुन्हा भरील. गृहकर्जाबरोबर घेतलेल्या विम्यात कोणाचा जीव विमित आहे ते तपासून वारसदाराचे नाव बदलावे. आणि शेवटचा हप्ता फिटला की गहाण ठेवलेली मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मागावीत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास रोज ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ती कागदपत्रे कोणाच्या हाती द्यायची हे दोघांनी बँकेला आधीच लेखी कळवलेले असावे, कारण तारणाच्या नोंदवहीत अजून दोघांचीही नावे असतात आणि शाखेत जो आधी पोहोचेल तो मूळ विक्रीखत घेऊन जाऊ शकतो.